खाडा, सुटी आणि रजा : समुद्रकाठच्या आठ दिवसांचा इतिहास



मे महिना आला की मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हटकून निघतो : यंदा कुठे जायचे? मग कोणी दिवेआगर म्हणतो, कोणी हर्णै, कोणी तारकर्ली. समुद्राजवळ एखादे कौलारू घर आठ दिवसांसाठी भाड्याने मिळते का, याची चौकशी सुरू होते. मुलांचा हट्ट, आजीच्या गुडघ्यांची काळजी, गाडीची तिकिटे आणि घरमालकाने मागितलेली आगाऊ रक्कम यांचा मेळ बसला म्हणजे कुटुंब निघते. यात ज्याचा इतिहास सांगावा असे काही आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पण हा प्रश्न घरात पडण्यापूर्वी तीन गोष्टी घडून याव्या लागतात. प्रवासाचे भाडे परवडले पाहिजे. आठ दिवस डोक्यावर छप्पर मिळाले पाहिजे. आणि ते आठ दिवस आपल्या मालकीचे असले पाहिजेत. पहिल्या दोन गोष्टींचा इतिहास पुष्कळ सांगितला जातो. आगगाडीचे आणि हॉटेलांचे गोडवे गाणारी पुस्तके काही कमी नाहीत. मी आज बोलणार आहे ते तिसऱ्या गोष्टीविषयी. घराचे भाडे मालकाला देऊन भागते. दिवसांची किंमत कोणी आणि कशी चुकती केली, तो खरा प्रश्न आहे.

आमच्या कामगारांच्या बोलीत यासाठी तीन वेगवेगळे शब्द आहेत. खाडा म्हणजे कामावर न गेलेला आणि म्हणून पगारातून कापला गेलेला दिवस. सुटी म्हणजे कारखानाच बंद असलेला दिवस. त्याचा पगार मिळेलच असे नाही. आणि हक्काची रजा म्हणजे कारखाना चालू आहे, माणूस घरी आहे, आणि तरीही त्याचा पगार चालू आहे. बोलताना आपण हे शब्द एकमेकांत मिसळतो. परंतु पहिल्या शब्दापासून तिसऱ्या शब्दापर्यंत पोहोचायला कष्टकरी माणसाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. समुद्रकाठच्या आठ दिवसांचा इतिहास म्हणजे याच प्रवासाचा इतिहास होय.

समुद्र हे प्रथम मौजेचे ठिकाण नव्हते, ते एक औषध होते. इंग्लंडमध्ये १७५० च्या सुमारास डॉ. रिचर्ड रसेल या वैद्याने समुद्राच्या पाण्यात स्नान करण्याचे आणि ते पाणी पिण्याचेही गुण वर्णिले. श्रीमंत घराण्यांची रीघ दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटनकडे लागली. पुढे युवराजही तेथे येऊ लागला. ही मंडळी नोकरचाकर घेऊन येत आणि सबंध मोसमासाठी घर भाड्याने घेत. दिवसांचा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. ज्याचे उत्पन्न जमिनीच्या खंडातून येते त्याला रजेचा अर्ज लिहावा लागत नाही.

कष्टकऱ्यांचे कुटुंब मोठ्या संख्येने समुद्रावर मुक्कामाला गेले ते इंग्लंडच्या लँकेशायर प्रांतात. हा सुती गिरण्यांचा मुलूख. ओल्डहॅम, बर्न्ली, ब्लॅकबर्न, बोल्टन ही त्यातली गावे. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कारखान्यातून आलेली होती, म्हणजे आपले आणि त्या गावांचे नाते जुने आहे. या गावांत वर्षातून एकदा ‘वेक्स’ नावाचा उत्सव होई. मूळचा तो गावातल्या चर्चचा वार्षिक उत्सव. आपल्याकडे ग्रामदैवताची जत्रा असते, तशातलाच प्रकार. जत्रेच्या दिवसांत कामगार गिरणीकडे फिरकत नाहीत, हे मालकांनी पुष्कळ वर्षे पाहिले. दंड झाले, दटावण्या झाल्या, उपयोग झाला नाही. शेवटी मालकांनी व्यवहार पाहिला. बॉयलर साफ करायला आणि यंत्रे दुरुस्त करायला गिरणी केव्हातरी बंद ठेवावी लागतेच. मग ती जत्रेच्या वेळीच बंद ठेवलेली बरी. अशा रीतीने सामूहिक खाड्याची सुटी झाली. प्रथम दोन-तीन दिवस, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कित्येक गावांत सबंध आठवडा.

१८४६ मध्ये ब्लॅकपूल या किनाऱ्यावरच्या गावापर्यंत आगगाडी पोहोचली होती. प्रत्येक गिरणगावाची जत्रा वेगळ्या आठवड्यात येई. त्यामुळे उन्हाळाभर ब्लॅकपूलमध्ये पाळीपाळीने एकेक गाव उतरे. गावातली दुकाने बंद, धुराडी थंड, आणि शेजारचीच माणसे पुन्हा समुद्राच्या रस्त्यावर एकमेकांना भेटत. १८९४ मध्ये तेथे उंच लोखंडी मनोरा उभा राहिला, तो याच गिऱ्हाइकांच्या भरवशावर.

हे लँकेशायरमध्येच आधी का घडले, याचे एक कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथे मागावर बायकाही काम करीत. एका घरात दोन-तीन पगार येत. जेथे एकट्या पुरुषाच्या मजुरीवर घर चाले, त्या भागात हे इतक्या लवकर शक्य झाले नाही. समुद्रकाठच्या त्या आठवड्याचा बराच खर्च बाईच्या मजुरीतून आला होता, ही गोष्ट इतिहासाची पुस्तके अगदी अलीकडे सांगू लागली आहेत.

पैसे जमवण्याची त्यांची रीतही आपल्या ओळखीची आहे. गिरणीच्या खात्यात, प्रार्थनामंदिरात, दारूच्या गुत्त्यात छोटी मंडळे असत. दर आठवड्याला कामगार त्यांत काही पेनी टाकी, आणि जत्रेच्या तोंडावर साठलेली रक्कम त्याच्या हाती पडे. आपल्याकडे भिशी चालते, तिच्याच कुळातली ही व्यवस्था. वर्षाचे एक्कावन्न आठवडे बावन्नाव्या आठवड्यासाठी राबत होते, असे म्हटले तरी चालेल.

आणि राहायचे कुठे? सबंध घर भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती. ब्लॅकपूलच्या घरवाल्या बायका एकेक खोली भाड्याने देत. यांतल्या पुष्कळजणी पूर्वी स्वतः गिरणीत राबलेल्या, किंवा निदान त्याच गावांतून आलेल्या असत. पद्धत अशी होती : कुटुंबाने बाजारातून आपले मांस, बटाटे, चहा-साखर आणून द्यायची, आणि घरवालीने ज्याचे त्याला वेगळे शिजवून द्यायचे. भाडे बिछान्याचे. वरकड गोष्टींचा हिशेब निराळा. गरम पाण्याचे पैसे, आणि टेबलावरच्या मीठ-मिऱ्याच्या बाटल्या वापरल्याचेही पैसे! या बाटल्यांवरून किती विनोद झाले असतील याला गणती नाही. परंतु विनोद बाजूला ठेवून पाहिले तर त्या घरात काय दिसते? गिरणीतल्या बाईला आठ दिवस चुलीपासून सुटका मिळाली, आणि ती ज्या दुसऱ्या बाईमुळे मिळाली ती पहाटेपासून रात्रीपर्यंत पाच-सहा कुटुंबांचे स्वयंपाक करीत होती. मोसमाच्या त्या चार महिन्यांवर तिला वर्ष काढायचे होते. एकाची सुटी ही दुसऱ्याचे काम असते. म्हणून सुटीचा इतिहास लिहिताना भांडी कोणी घासली हेही विचारावे लागते.

या चित्रात एक मोठी उणीव होती. जत्रेचा आठवडा बिनपगारी होता. म्हणजे कामगाराला तो दोनदा विकत घ्यावा लागे. एकदा बुडालेल्या मजुरीने आणि एकदा ब्लॅकपूलच्या खर्चाने. सोमवारी गिरणीचा भोंगा वाजे तेव्हा खिसा रिकामा असे आणि घरभाडे थकलेले असे. ज्यांच्याजवळ साठलेले काही नसे त्यांना गिरणी बंद म्हणून घरी बसावे लागे आणि उपासाला तोंड द्यावे लागे. त्यांच्या दृष्टीने ही सुटी म्हणजे सक्तीचा खाडाच होता. सर जॉन लबक यांच्या खटपटीने १८७१ मध्ये तेथे बँक हॉलिडेचा कायदा झाला आणि वर्षात आणखी काही सोमवार मोकळे मिळाले; त्या दिवसांचा पगार मात्र त्या कायद्याने दिला नाही.

सुटीला पगार जोडण्याचे काम विसाव्या शतकातल्या कामगार चळवळीने केले. यात १९३६ चा जून महिना विसरता येत नाही. फ्रान्समध्ये लिआँ ब्लूम यांचे लोकआघाडीचे सरकार निवडून आले होते, आणि लाखो कामगार कारखान्यांत ठाण मांडून संपावर बसले होते. ७ जून रोजी मातिन्याँ येथे मालक आणि संघटना यांच्यात करार झाला. २० जूनच्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षातून पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली. नुसते दिवस देऊन भागत नाही हे लिओ लाग्राँज या तरुण उपमंत्र्याने ओळखले. रेल्वेच्या भाड्यात चाळीस टक्के सवलतीचे खास तिकीट त्याने सुरू करविले. त्या उन्हाळ्यात अनेक कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच जून महिन्यात जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी रजेचा ठराव संमत केला : वर्षभर नोकरी झालेल्याला निदान सहा दिवस. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात तर विश्रांती आणि ठराविक काळाने मिळणारी पगारी रजा यांना चोविसाव्या कलमात जागा मिळाली.

इंग्लंडमध्ये लॉर्ड अ‍ॅम्युल्री यांच्या समितीचा अहवाल येऊन १९३८ मध्ये पगारी रजेचा कायदा झाला. संघटनांची मागणी दोन आठवड्यांची होती. पदरात पडली ती एका आठवड्याची शिफारस. तीही लागू होते न होते तोच १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. युद्धानंतर मात्र १९५० च्या सुमारास बहुतेक कामगारांना दोन आठवडे मिळू लागले. जत्रेच्या खाड्याची हक्काची रजा व्हायला अशी सुमारे शंभर वर्षे लागली.

येथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. म्हणून इंग्लंडच्या दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावरचे एक गाव दाखवतो. लंडनच्या पूर्वेला एसेक्स प्रांतात जेविक नावाची वस्ती आहे. १९३० च्या आसपास तेथे दलदलीच्या स्वस्त जमिनीचे लहान लहान तुकडे पाडून विकण्यात आले. लंडनच्या कामगारांनी त्यांवर लाकडी झोपड्या बांधल्या. कोणी स्वतः उन्हाळ्यात राही, कोणी आठवड्याच्या भाड्याने देई. रस्त्यांना नावे दिली ती मोटारींची : ऑस्टिन, बेंटली, सनबीम. ज्यांना मोटार घेणे परवडत नव्हते त्यांनी निदान तिच्या नावाच्या रस्त्यावर आठ दिवस काढले. सांडपाण्याची नीट सोय नव्हती, आणि ही घरे फक्त उन्हाळ्यापुरती मानलेली होती.

मग युद्ध झाले, लंडनची घरे बाँबने पडली, घरांची टंचाई आली. उन्हाळ्याच्या झोपडीत लोक बारमाही राहू लागले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आले, बांध फुटले आणि पाणी मागच्या बाजूने वस्तीत शिरले. तीसहून अधिक माणसे त्या एका वस्तीत बुडून मेली. जानेवारीत त्या झोपड्या रिकाम्या असायला हव्या होत्या. ज्यांना राहायला दुसरे घर नव्हते, तीच माणसे तेथे होती. आजही इंग्लंडमधील दारिद्र्याच्या सरकारी पाहणीत, २०१० पासून पुढे एकामागून एक वेळा, जेविकचा भाग पहिल्या क्रमांकाने नोंदला गेला आहे. सुटीचे घर हे घराला पर्याय होऊ शकत नाही, आणि रजेचा हक्क हा निवाऱ्याच्या हक्कावाचून एका पायावर उभा राहतो, हे त्या वस्तीने दाखवून दिले.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. मुंबईच्या गिरण्यांत १८८० च्या दशकात आठवड्याची सुटीसुद्धा नव्हती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा भरवून जे मागणीपत्र तयार केले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या पाहा : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मदत. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. त्याच वर्षी १० जून रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. मुंबईच्या स्वस्त कापडाची स्पर्धा नको म्हणून मँचेस्टरचे गिरणीवालेही या कायद्यासाठी आग्रही होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांचा हेतू त्यांच्यापाशी. रविवार आमच्या लोकांच्या पदरात पडला.

वर्षाच्या रजेचे काय? कोकणातल्या चाकरमान्याचे कुटुंब बहुधा गावी असे. तो मुंबईत खानावळीत जेवे आणि दहा-वीसजणांच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपे. लँकेशायरचा कामगार कुटुंबाला घेऊन समुद्राकडे जाई. आमचा कामगार समुद्रावरून कुटुंबाकडे जाई. भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडायची, बंदरात पडावात उतरायचे, आणि मग पायी घर गाठायचे. समुद्राकाठचे घर त्याचे स्वतःचे होते, भाड्याचे नव्हते. परंतु तेथे जाऊन तो काय करी? पावसाआधी घर शाकारायचे, गडगे घालायचे, शेत भाजायचे, पेरणी उरकायची. आणि त्या महिना-दीड महिन्याचा पगार नव्हता. तो गावी गेला की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राही, आणि परत आल्यावर जागा मिळवायची तर जॉबरचा हात ओला करावा लागे. बिनपगारी खाडा, आणि खाड्यावर लाच! १९३१ च्या अहवालात व्हिटली कमिशनने सांगितले की कामगाराचे गावाशी असलेले नाते हा एक ठेवा आहे, ते तोडू नये. नाते जपायला दिवस लागतात, आणि ते दिवस कायद्याने मिळायला आणखी चौदा वर्षे गेली. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा प्रथमच मिळाली.

दहा दिवसांत कोकणची पेरणी होत नसे. तरीही त्या दहा दिवसांचे मोल मोठे होते. गावी गेलेला माणूस पहिल्यांदाच पळून आलेला नव्हता. तो रजेवर आलेला होता. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पुढे वीस दिवसांच्या कामाला एक दिवस रजा असे प्रमाण ठरवले, आणि १९५४ च्या दुरुस्तीने वर्षात २४० दिवस भरण्याची अट आली. २४० दिवस भरले की बारा दिवस रजा. आमच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब शेकडो अर्जांवर मांडला आहे.

आणि येथेच सध्याच्या काळाची गाठ पडते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या हळूहळू मिटल्या. चाकरमानी गावी परतले, किंवा मुंबईतच मिळेल त्या कामाला लागले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, पर्यटक वाढले, न्याहारी-निवासाच्या पाट्या दारोदार लागल्या. ज्या घरी एके काळी गिरणीतून मनिऑर्डर येई, त्या घराची पुढची पडवी बंद करून आज दोन खोल्या काढलेल्या दिसतात. घरातली बाई पहाटे उठून पाहुण्यांसाठी घावन घालते, दुपारी सोलकढी आणि मासे, रात्री पुन्हा भाकरी. ब्लॅकपूलच्या घरवालीची ही थेट बहीण होय. दोघींमध्ये शंभर वर्षे आणि एक समुद्र आहे, पण दोघींच्या मागे बंद झालेली किंवा सोडलेली गिरणी आहे. मे महिना हा तिचा मोसम. तिला रजा नाही.

तिच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत कोण नसते, तेही पाहावे. ठेकेदाराचा कामगार नसतो. वर्षात २४० दिवस भरू नयेत म्हणून मधेच त्याचे नाव कमी करायचे आणि महिन्याभराने नव्याने लावायचे, ही युक्ती आमच्या कामात आम्हांला रोज भेटते. २०२० च्या नव्या कामगार संहितेत ही अट १८० दिवसांवर आणली गेली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. ही चांगली गोष्ट आहे. पण ज्याला २४० मोजून नाव कमी करता येते त्याला १८० मोजणेही जमेल, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. तेव्हा हजेरीचे पुस्तक कोणाच्या हाती आहे, यावरच त्या आकड्याचा अर्थ ठरेल. घरोघर जेवणाचे डबे आणि सामान पोहोचवणारा तरुण, घरकामाची बाई, ऊसतोडीचा मजूर, यांच्या बाबतीत तर मोजायला हजेरीचे पुस्तकच नाही. त्यांचा प्रत्येक मोकळा दिवस आजही खाडाच आहे. १८८४ साली लोखंड्यांच्या कागदावर सही करणारा माणूस त्यांना पाहून चटकन ओळखील.

काही विचारवंत म्हणतात की गरिबाला आधी भाकरी द्या, समुद्र नंतर. लोखंड्यांच्या कागदावर पगाराची मागणी आणि रविवारची मागणी शेजारी शेजारी होती. त्या साडेपाच हजार माणसांना या दोन गोष्टींत भांडण दिसले नाही, कारण भाकरी मिळवण्यातच ज्याचा सगळा दिवस जातो त्याला आपल्या मुलाशी बोलायला वेळ उरत नाही, हे ते अनुभवाने जाणत होते. कुटुंब नुसते एका छपराखाली झोपल्याने होत नाही. वर्षातून काही दिवस कोणाला भोंगा नाही, कोणाची पाळी नाही, आणि बाप दुपारी जागा आहे, एवढे मुलांनी पाहिले पाहिजे. समुद्र नसला तरी चालेल, गावची नदी चालेल.

तेव्हा, श्रोतेहो, यंदा आपण समुद्राजवळ घर घ्याल तेव्हा एवढेच करावे. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला त्या आठ दिवसांचा पगार कापू नये. ज्या घरी उतराल तेथील बाईला एक दिवस तरी सांगावे की आज चूल पेटवू नका, आम्ही बाहेर जेवू. आणि आपल्या कार्यालयात ठेक्यावरचा जो माणूस असेल त्याला सहज विचारावे, तुमचे दिवस किती भरले? ब्लॅकपूलच्या मंडळांत आठवड्याला काही पेनीच पडत असत. पण त्या प्रत्येकाने टाकल्या, म्हणून गाव समुद्रावर गेले.